हातोड्याखालचा रुपया

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे पाटावर जी मांडामांड होते, तीत झेंडूची फुले, लाह्या-बत्तासे, नवी केरसुणी आणि हिशेबाची वही यांच्या जोडीला एक तरी चांदीचा रुपया असतोच. बहुतेक घरांत तो व्हिक्टोरिया राणीच्या नाही तर पंचम जॉर्जच्या मुखवट्याचा असतो. गोल गरगरीत, काठाला बारीक कंगोरे, चेहरा रेखीव. क्वचित एखाद्या घरी मात्र पेटीच्या तळाशी दुसराच रुपया निघतो. तो धड गोल नसतो. जाड, बसका, कुठे काठ फाटलेला, कुठे चांदी एका बाजूला सरकलेली. त्यावर चित्र नाही, मुखवटा नाही. फारशी अक्षरे तेवढी आहेत आणि तीही अर्धीमुर्धी, जणू कुणी वाक्य मध्येच तोडले आहे. घरातली पोरे त्याला हसतात आणि वडीलधारी माणसे 'कुठला तरी मोगलाई रुपया' म्हणून तो परत पेटीत टाकतात. या लेखात मला लिहायचे आहे ते या दुसऱ्या, थोड्या बेढब रुपयाविषयी.

आपल्या जुन्या माणसांनी या दोन रुपयांचा फरक एका शब्दात सांगून ठेवला आहे. पहिल्याला ते 'कलदार' म्हणत. कल म्हणजे यंत्र. कलदार म्हणजे यंत्रातून निघालेला. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकाच वजनाचा, १८० ग्रेनचा रुपया ठरवला आणि तो मुंबई-कलकत्त्याच्या वाफेच्या टांकसाळींतून बाहेर पडू लागला. त्याच्या आधीचा रुपया मात्र माणसाच्या हाताने, हातोड्याच्या घावाने तयार होत असे. कलदार रुपये लाखांनी निघाले आणि एका वर्षाचे, एका टांकसाळीचे सगळे एकमेकांसारखे निघाले. हातोड्याखालून निघालेल्या रुपयांत मात्र एकासारखा दुसरा नाही. मला या नाण्यांचे वेड लागले ते यामुळेच.

हे वेड जोपासायला मी राहतो ते गाव काही वाईट नाही. देऊळघाट हे बुलढाण्याजवळचे, पैनगंगेच्या काठचे गाव. गावाच्या नावातच घाट आहे. वऱ्हाडाचे दोन भाग पूर्वापार मानलेले आहेत: घाटाखालचे पाईनघाट, म्हणजे पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे, आणि घाटावरचे बालाघाट. आम्ही बालाघाटातले. उत्तरेला घाट उतरून गेले की मलकापूर आणि त्याच्याही पलीकडे बुऱ्हाणपूर. दक्षिणेला जालना, औरंगाबाद. दिल्लीहून दख्खनेत उतरणाऱ्या फौजा, बुऱ्हाणपूरचे व्यापारी, वंजाऱ्यांचे तांडे या घाटांनी चढले आणि उतरले, आणि त्यांच्या कमरेच्या कशांतून रुपयाही चढला आणि उतरला. १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराच्या ताब्यात गेले. १७२४ मध्ये याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामाने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनेत आपले बस्तान बसवले. पुढे नागपूरकर भोसले आणि निजाम या दोघांनी वऱ्हाडचा वसूल वाटून खाल्ला. १८५३ मध्ये इंग्रज आले. राज्य बदलले की शिक्का बदलतो, पण जुना शिक्का लगेच मरत नाही. तो लोकांच्या गाठोड्यांत जगत राहतो. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या पेटीत औरंगजेबाचा बुऱ्हाणपुरी रुपया, पेशव्यांचा अंकुशी, होळकरांचा चांदोरी आणि निजामाचा हाली असे चारही सुखाने एकत्र नांदताना दिसतात. त्यांचे मालक एकमेकांशी इतक्या सुखाने कधी नांदले नाहीत!

हा रुपया तयार कसा होई, हे ऐकण्यासारखे आहे. अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या टांकसाळीची सारी माणसे ओळीने उभी केली आहेत. वर दारोगा; चांदीची शुद्धता पारखणारा सराफ; हिशेब लिहिणारा मुश्रीफ; मग धातू वितळवणारे, पत्रे करणारे, तुकडे पाडणारे. चांदीची कांब ओतायची, तिचे सारख्या वजनाचे तुकडे पाडायचे, जास्त भरले तर कानशीने उतरवायचे, कमी भरले तर परत मुशीत. मग तो तुकडा तापवून ठोकून चपटा-गोल करायचा. ठसे दोन. खालचा ऐरणीत पक्का बसवलेला, वरचा हातात धरायचा. 'सिक्कची' नावाचा माणूस दोन ठशांमध्ये तुकडा ठेवी आणि हातोडेवाला घाव घाली. एका घावात दोन्ही बाजू उमटत. ठसे कोरणाऱ्याचा मान मोठा असे. अकबराच्या दरबारी दिल्लीचा मौलाना अली अहमद हा खोदकाम करणारा होता आणि त्याच्या हाताची वाखाणणी अबुल फजलाने तोंड भरून केली आहे.

आता यातली खुबी अशी, की ठसा रुपयापेक्षा मोठा असे. ठशावर पूर्ण मजकूर कोरलेला. पण चांदीचा तुकडा लहान आणि जाड, त्यामुळे त्यावर मजकुराचा एक भागच उतरे. घाव जरा डावीकडे बसला की बादशहाचे नाव आले आणि वर्ष गेले. उजवीकडे बसला की वर्ष आले आणि टांकसाळीचे नाव अंतराळी राहिले. म्हणून एका रुपयावरून काही कळत नाही. एकाच ठशाचे पाच-सात रुपये शेजारीशेजारी ठेवावेत, याच्यावरचे शेपूट त्याच्या डोक्याला जोडावे, तेव्हा कुठे सबंध ओळ उभी राहते. 'जर्ब' हा शब्द सापडला की जीव भांड्यात पडतो. जर्ब म्हणजे घाव, ठोका. 'जर्ब बुऱ्हाणपूर' म्हणजे बुऱ्हाणपुरात ठोकलेला. जर्बच्या पुढचे नाव नाण्यावर उतरले असेल, तर त्या रुपयाचे जन्मगाव कळले. ते काठाबाहेर गेले असेल, तर रात्रभर दिव्याखाली बसून बारीकसारीक खुणांवरून ते ओळखायचे. या कामात रात्री किती जातात ते आमच्या घरच्यांना विचारावे.

पेशवाईचे रुपये पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला एक धक्का बसतो. ज्यांनी अटकेपार झेंडे नेले, त्यांच्या रुपयावर नाव असते दिल्लीच्या बादशहाचे, पुष्कळदा शाह आलमचे. हा शाह आलम काही काळ महादजी शिंद्यांच्या आश्रयाने राहिलेला आणि १७८८ मध्ये गुलाम कादिराने डोळे काढलेला दुर्दैवी राजा. मग त्याच्या नावाची मिजास कशाला? त्याचे उत्तर दरबारात मिळत नाही, सराफकट्ट्यावर मिळते. रुपया चालतो तो विश्वासावर. चारशे कोसांवरच्या सराफाने ज्या छापाला डोळे मिटून हात लावावा, तो छाप मोडून नवा काढणे म्हणजे आपल्याच रुपयाला आपणच बट्टा लावून घेणे. म्हणून मराठ्यांनी बादशहाचे नाव राहू दिले आणि कोपऱ्यात आपली खूण ठोकली. पुण्याच्या रुपयावर अंकुश; तोच 'अंकुशी'. महेश्वरच्या अहल्याबाईंच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचे पान. इंदूरच्या मल्हारनगर टांकसाळीच्या रुपयावर होळकरांचा सूर्य. फारशी अक्षरांच्या गर्दीत ते एवढेसे बेलाचे पान दिसले, की मला तरी त्या बाईच्या राज्याचा अर्थ एका क्षणात कळल्यासारखा वाटतो.

शिवछत्रपतींचे धोरण याहून वेगळे होते. १६७४ मध्ये राज्याभिषेकानंतर त्यांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली आणि त्यांवर नागरी अक्षरांत आपले नाव घातले. त्याच सुमारास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला होता. कंपनीचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे, असे एक कलम इंग्रजांनी तहात मागितले. महाराजांच्या बाजूने मिळालेल्या उत्तराचा आशय असा, की कोणते नाणे चालू नये अशी बंदी आम्ही करीत नाही, पण प्रजेने ते किमतीपेक्षा जास्त भावाने घ्यावे अशी सक्तीही करणार नाही. नाणे चांगले असेल तर ते आपल्या गुणाने चालेल. राजाच्या हुकमाने पितळेचे सोने होत नाही, हे जाणणारा तो राजा होता.

पुढे पुढे टांकसाळी इतक्या झाल्या, की गावोगावचा रुपया निराळा. पेशवे सनदा देत आणि सोनार-सावकार टांकसाळी चालवीत. कुणी त्यात हिणकस मिसळ केली की तक्रारी होत. थोरल्या माधवरावांच्या काळात धारवाडकडच्या अशा खाजगी टांकसाळी बंद करून एकच मध्यवर्ती टांकसाळ काढण्याची पाळी आली. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवर एक स्वतंत्र निबंधच लिहिलेला आहे. राजकारणाइतकेच नाणेकारणही इतिहासात महत्त्वाचे असते, हे ज्या थोड्यांनी वेळीच ओळखले त्यांत ते होते.

या नाना रुपयांच्या बाजारात माणसे व्यवहार करीत होती कशी? पारख्याच्या भरवशावर. गावगाड्यात पोतदार होता, त्याचे कामच मुळी वसुलाचा रुपया पारखून घेण्याचे. तो रुपया दगडावर आपटून त्याचा आवाज ऐके. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत तांबे. शंका आली तर काठावर छिनीने बारीक टोचा मारून पाही. असे टोचे मी कितीतरी रुपयांवर पाहिले आहेत. मोगलाईत नव्या वर्षाच्या रुपयाला पूर्ण भाव आणि मागच्या वर्षांच्या रुपयाला कमी, अशीही रीत होती. कारण हातोहात फिरून चांदी झिजते. ही जी तूट कापून घेत तिचे नाव बट्टा. आपण आज 'घराण्याच्या नावाला बट्टा लागला' म्हणतो, तेव्हा त्या झिजलेल्या रुपयाचीच आठवण बोलत असतो. 'माणूस वाजवून घ्यावा', 'बंदा रुपया', 'सोळा आणे खरे', 'शिक्कामोर्तब', 'खोटे नाणे', 'मोडीत काढणे': मराठी बोलणाऱ्याच्या जिभेवर अख्खी टांकसाळ आहे. टांकसाळे, पोतदार, पारखी ही आडनावे तर आपल्या शेजारीच राहतात. आमच्या सरहद्दीकडच्या बाजारात निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार असे दोन्ही रुपये चालत, तेव्हा साधारण शंभर कलदारांना एकशे सोळा-सतरा हाली पडत. आणि शाळेचे तोंड न पाहिलेली बाई हा हिशेब तोंडी करून मीठमिरची घेऊन घरी येई.

हे सारे आपल्याच देशात होते असे नाही. पार स्कॉटलंडात पहा. तिथल्या डेव्हिड पहिल्या राजाने ११३६ मध्ये कार्लाइल घेतले आणि तिथल्या खाणींच्या चांदीचे पेनी पाडले. स्कॉटलंडच्या राजाचे ते पहिले नाणे. तेही आपल्यासारखेच दोन ठशांमध्ये घाव घालून. बारीक नाणे नव्हते, तेव्हा लोक सरळ पेनी कापून अर्धी नाही तर पाव करीत. पुढे तिसऱ्या अलेक्झांडरच्या वेळी, १२८० च्या सुमारास, अर्ध्या आणि पाव पेनीची गोल नाणी निघाली. सतराव्या शतकात निकोला ब्रिओ नावाच्या फ्रेंच कारागिराने एडिंबरोच्या टांकसाळीत यंत्र आणले आणि हातोडा मागे पडला. १७०७ मध्ये स्कॉटलंड इंग्लंडाशी एक झाले आणि १७०९ मध्ये एडिंबरोची टांकसाळ कायमची थंडावली. आज तिथल्या हौशी लोकांत त्या जुन्या, वेड्यावाकड्या चांदीच्या पेनीला मोठा मान आहे. गंमत पहा: पेशवाई बुडाल्यावर पुण्याचा कारभार पाहणारा एल्फिन्स्टन आणि साताऱ्यास बसून मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, हे दोघेही जन्माने स्कॉटलंडचे. ज्या रीतीचे नाणे त्यांच्या देशात पणजोबाच्या वेळीच संग्रहाची वस्तू झाले होते, ते इथे रोजच्या बाजारात खणखणत होते. अंकुशी रुपया तर इंग्रजी अंमलातही १८३० नंतरची काही वर्षे पुण्यात ठोकला जात होता.

कुणी म्हणेल, ठीक आहे, पण एवढ्या जुन्या चांदीच्या तुकड्यांतून कळते काय? याचे उत्तर नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीने दिले आहे. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप राजा नहपान याची चांदीची नाणी सापडली. थोडीथोडकी नव्हेत, तेरा हजारांहून अधिक. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच दुसरा ठसा मारलेला होता, गौतमीपुत्र सातकर्णीचा. गौतमीपुत्राने क्षहरातांचे निर्मूलन केले, असे नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतच होता. पण आपल्या माणसाने आपल्या माणसाविषयी कोरलेली ती प्रशस्ती. जोगळटेंभीच्या मडक्याने प्रतिपक्षाचीच साक्ष काढली. पराभूत राजाच्या तोंडावर जेत्याचा ठसा! सातवाहनाच्या टांकसाळीतल्या त्या अनाम हातोडेवाल्याने नऊ हजार वेळा हातोडा उचलला आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या लढाईचा निकाल लिहून ठेवला.

आमच्या वऱ्हाडानेही अशी साक्ष दिली आहे. मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. ती चांदीची नव्हती, हलक्या मिश्र धातूची होती. पण महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ती एकेक करून वाचली, तेव्हा कुंभ, कर्ण आणि शक या सातकर्णींची नावे पुढे आली. पुराणांच्या राजावळींत या नावांचा पत्ता नव्हता. तीन राजे एका मडक्यातून परत आले. ज्या शेतकऱ्याच्या फाळाला ते मडके लागते, त्याने ती नाणी भंगारात दिली असती, तर ते तीन राजे आजही कुणाच्या गावी नसते.

आणि खरी काळजी हीच आहे. आमच्या भागात पुरलेले पैसे थोडे नाहीत. फौजा येत, पेंढारी येत, १८०३-०४ सारखा दुष्काळ येई. आणि बँका नसलेल्या त्या काळात भुई हीच बँक होती. पुरणारा परत येईलच असा नेम नसे. आज घराचा पाया खणताना, विहिरीचे काम चालू असताना एखादे गाडगे निघते. मग काय होते? कानोकानी बातमी जाऊ नये म्हणून रात्रीतून त्याची वाटणी होते आणि आठवड्याभरात सगळी चांदी मुशीत जाते. २०२५ मध्ये चांदीने किलोला लाखाचा भाव ओलांडला, त्यामुळे मुशीचा जाळ आणखीच मोठा झाला आहे. एका तालुक्याच्या गावी एका सोनाराच्या दुकानात मी मोडीचा ढीग पाहिला. पैंजण, वाळे, तुटकी करंडी आणि त्यात चार रुपये. त्यांतल्या एकावर अंकुश स्पष्ट होता. मी भारोभार चांदीचे पैसे मोजून ते चारही सोडवून आणले. पण ते कुठल्या घरातून, कुठल्या गावच्या मातीतून आले, हे त्या भल्या माणसाला सांगता येईना. अशा रुपयाचे बापजन्माचे नाव कळते, पण त्याचा प्रवास कळत नाही. आणि इतिहासाला खरी भूक असते ती या प्रवासाची. बुऱ्हाणपूरचा रुपया बुऱ्हाणपुरात सापडला यात नवल नाही. तो आमच्या घाटावर, कोणत्या रुपयांच्या सोबतीने सापडला, यावरून बाजारपेठ कुठवर पोचली होती, वाट कुठून जात होती, गाडगे कधी पुरले, हे सांगता येते.

भीतीपोटी चांदी वितळवणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. भूमिगत निधीविषयीचा १८७८ चा कायदा सांगतो, की दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडला तर त्याची वर्दी कलेक्टराकडे द्यावी. एवढेच लोकांनी ऐकलेले असते आणि 'सरकार सगळे घेऊन जाईल' असे ते समजतात. पण त्याच कायद्यात सापडवणाऱ्याचा हक्कही लिहिला आहे: ठेव्याला कुणी जुना मालक नाही असे ठरले आणि जमीन दुसऱ्याची असली, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक जमीनमालकाचा, आणि सरकारने तो ठेवा स्वतःसाठी घेतला, तर धातूच्या किमतीवर एक-पंचमांश अधिक देऊन. लपवून ठेवणाऱ्याचा हिस्सा मात्र बुडतो आणि शिक्षा वेगळी. म्हणजे मुशीपेक्षा वर्दी फायद्याची! शिवाय शंभर वर्षांवरचे नाणे ही १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू आहे. ती देशाबाहेर नेता येत नाही. नागपूरच्या १८६३ सालच्या मध्यवर्ती संग्रहालयात आणि नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत अशी नाणी वाचणारी माणसे आहेत.

सगळीच नाणी संग्रहात यावीत असे मात्र मी म्हणत नाही. आमच्या गावाकडे एका म्हातारीच्या गळ्यात अकरा रुपयांची माळ मी पाहिली. त्यांतले तीन हातोड्याचे, कडी डाकलेले. संग्राहकाच्या लोभाने मी किंमत विचारली. ती म्हणाली, "हे इकाचं नाही, भाऊ. माह्या सासूनं माह्या गयात घातलं होतं." मी मुकाट्याने वही काढली, माळ तिच्या गळ्यातच ठेवून कागद-पेन्सिलीने तिन्ही रुपयांचे ठसे उतरून घेतले आणि सासूचे माहेर कुठले तेवढे विचारून घेतले. माझ्या संग्रहात ते रुपये नाहीत, पण वहीत आहेत. आणि त्यांचे गाव ठाऊक आहे, म्हणून वहीतल्या त्या तीन रेघोट्या मला माझ्या पेटीतल्या कित्येक अनाथ रुपयांहून मोलाच्या वाटतात.

वाचकांना एवढेच सुचवतो. या दिवाळीत पूजेचा रुपया उजळायचा म्हणून त्याला चिंच आणि राख लावून घासू नका. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून मऊ फडक्याने टिपले तरी पुरे. बेढब रुपया निघाला तर त्याचे वजन करा, दोन्ही बाजूंचा ठसा कागदावर घ्या आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, हा आपल्याकडे आला कुठून? जे सांगतील ते त्याच कागदावर, आजच्या तारखेसह लिहून रुपया त्यात गुंडाळून ठेवा. चांदीला पुढेही भाव येईल आणि जाईल. आजीला जे ठाऊक आहे, ते मात्र तिला विचारले नाही तर कुणालाच ठाऊक राहणार नाही.